झेलणाऱ्याचा तळहात

८ मार्च

ही वही आईने दिली. जेवताना मी टेबलाखाली सारखा पाय हलवतो आणि तिची कॉफी हिंदकळते, म्हणून. "डोक्यात काय चाललंय ते कागदावर काढ आणि माझं टेबल सोड," असं तिचं म्हणणं. ती वृद्धाश्रमात नर्स आहे, तिथे वहीचा गुण येतो म्हणे. तिथली माणसं नव्वदीची आहेत आणि मी अठरा वर्षांचा, हा फरक तिला कोण सांगणार.

डोक्यात एकच गोष्ट चालली आहे. मे महिन्यात शाळा संपते. तोवर कोणत्या कॉलेजात जायचं ते ठरवून सही करून मोकळं व्हायचं आहे. कॉलेज असं हवं की बेसबॉल खेळता येईल, डिग्री मिळेल, आणि त्या डिग्रीवर पुढे गुरांचा डॉक्टर होता येईल. आमच्या हॅलस्टनमध्ये माणसांपेक्षा गुरं कितीतरी जास्त आहेत. बाबा म्हणतात, तुझा धंदा काही बुडत नाही.

आणखी एक अट आहे, ती एफ्राची. एफ्राईन केसादा आणि मी सहावीपासून एकत्र खेळतो. तो फेकतो, मी त्याच्या समोर उकिडवा बसून झेलतो. सातवीत आम्ही शपथ घेतली होती की जाऊ तिथे दोघं जाऊ. तेव्हा तो माझ्या खांद्याला लागायचा. आता सहा फुटांच्या वर गेलाय, डावखुरा आहे, ताशी अठ्ठ्याऐंशी मैलांनी फेकतो आणि कॉलेजं त्याच्या मागे हात धुऊन लागली आहेत. सगळ्यात पुढे सिमरॉन स्टेट. त्यांचे ड्रेसलर कोच हिवाळ्यात त्याच्या घरी येऊन जेवून गेले. जाताना म्हणाले, "तुझ्या कॅचरसाठीही काहीतरी बघू." ते 'काहीतरी' म्हणजे मी.

मला स्वतःला विचारणारं एकच कॉलेज आहे. नेब्रास्कातलं कॉटनवुड, एवढंसं. तिथले हॅगबर्ग नावाचे म्हातारे कोच चक्क पोस्टकार्ड पाठवतात. आईने ते फ्रिजवर लावलंय. एफ्रा आला की मी ते मुद्दाम उलटं करून ठेवतो.

१७ मार्च

सराव सुरू. वारा असा की डोळ्यांत अर्धं मैदान जातं. पण आज खूश आहे. बाबांनी वाढदिवसाला दिलेला नवा ग्लोव्ह भन्नाट निघाला. गेल्या वर्षी एफ्राचे बॉल झेलून तळहात लालबुंद व्हायचा, घरी येऊन गोठवलेल्या मटारच्या पिशवीवर हात ठेवून बसायचो. आज तासभर झेललं, काही नाही. जणू कुणी उशी फेकतंय. चांगल्या चामड्याला तोड नाही.

२६ मार्च

पहिला सामना, जिंकलो. कुंपणापलीकडे एक टोपीवाला माणूस उभा होता, गाडीला नेब्रास्काची नंबरप्लेट. एफ्राला बघायला आला आणि वेग मोजायची बंदूकच आणली नाही! नुसतं स्टॉपवॉच. एफ्रा बॉल सोडायला किती वेळ लावतो ते मोजत असणार. पण गडी जरा ढिलाच वाटला. समोरच्यांच्या पोरांनी तीनदा दुसऱ्या बेसकडे धाव घेतली, मी तिघांनाही बॉल फेकून बाद केलं, आणि हा प्रत्येक वेळी बॉल तिथे पोचल्यावर घड्याळ दाबायचा. उशीर करत होता. मग काय लिहून घेत होता देव जाणे.

एफ्राचं मात्र काहीतरी बिनसलंय. मी दोन बोटं दाखवली की वळणारा बॉल टाकायचा, एक बोट म्हणजे सरळ. आज दोन बोटं दाखवली की हा मान हलवून नको म्हणायचा. परत दाखवली, परत नको. सामना संपल्यावर मी म्हटलं, "काय रे, वळणारा बॉल घरी विसरलास?"

"सरळवर भागलं ना?"

"भागलं."

"मग कशाला रडतोस?"

माझ्या डोक्यात आत्ता प्रकाश पडला. हा माल झाकून ठेवतोय! ड्रेसलर येतील तेव्हा एकदम दाखवायचा. हुशार आहे लेकाचा. पण मला सांगायला काय होतं? बोटं माझी दुखतात.

२ एप्रिल

एफ्राकडे जेवायला गेलो होतो. त्याच्या आईने डुकराच्या मांसाचा तिखट लाल रस्सा केला होता. मी तीन वेळा घेतला. एफ्रा उजव्या हाताने चमचा धरून बसला होता आणि अर्धा रस्सा शर्टावर. मी म्हटलं, "आता कॉलेजात जाणार म्हणून साहेब उजव्या हाताने जेवायला शिकतायत वाटतं." त्याची आई हसली नाही. स्पॅनिशमध्ये त्याला काहीतरी बोलली. तो म्हणाला, "मामी, पुरे." आईला तो मामी म्हणतो.

घरभर मलमाचा वास. मी विचारलं तर एफ्रा म्हणाला, आईचे गुडघे दुखतात. बिचारी. मांसाच्या कारखान्यात दिवसभर उभी असते. तरी जिना धाडधाड चढत होती, कमाल आहे बाईची.

निघताना तिने मला दारात थांबवलं. "कॉर्बिन, तू त्याचं बघतोस ना?"

"बघतो की, सेन्योरा. रोज त्याच्याकडेच तर बघत बसतो."

तिने माझ्या गालावर थापटलं. मला वाटतं तिला आमच्या शपथेची काळजी आहे. एफ्रा लांब जाणार म्हटल्यावर कुणीतरी ओळखीचं बरोबर हवं ना. मला जरा जबाबदार वाटलं. मग घरी येऊन हॅगबर्गचं कार्ड सरळ केलं आणि परत उलटं केलं.

५ एप्रिल

सिमरॉन स्टेट बघून आलो. काय ते मैदान! हिरवळ इतकी सारखी की बूट घालून जायला लाज वाटते. खेळाडूंच्या खोलीत एफ्राच्या नावाची जर्सी टांगून ठेवली होती, दिवे लावून. माझ्या नावाची नव्हती. पण मला टोपी दिली. जरा मोठी होते.

मी ड्रेसलरना विचारलं, जनावरांच्या प्रयोगशाळेचे तास कधी असतात. ते म्हणाले, "दुपारी."

"आणि सराव?"

"तोही दुपारी." मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "बाळा, आमची बरीच पोरं दुसरं काहीतरी घेतात. सोपं, सुटसुटीत. डिग्री ती डिग्रीच."

मला गाव दाखवायला दिलेला मुलगा दुसऱ्या वर्षाचा, तोही कॅचर. त्याला विचारलं किती खेळलास. म्हणाला, "सरावात झेलतो. सामन्यात अजून नाही." आणि जेवायला कुठलं हॉटेल चांगलं ते सांगू लागला.

मग एफ्रा कसल्या तरी फोटोसाठी गेला तेव्हा ड्रेसलरनी मला बाजूला घेतलं. अगदी घरच्यासारखं. "तू त्याला झेलतोस. कॅचरइतकं कुणाला कळत नाही. हात कसा आहे त्याचा?"

"लोखंड आहे, सर."

"शाबास. हे आपल्यात."

इतका मोठा कोच मला विचारतो म्हटल्यावर मी आधी फुगलो. परत येताना गाडीत मात्र जीव रमेना. एफ्रा खिडकीला डोकं टेकून झोपला होता, डावा हात उशीसारखा मांडीत घेऊन. मी तीन तास विचार करत होतो की सोपं, सुटसुटीत काय असतं. मला तर गाईच फक्त सोप्या वाटतात.

१२ एप्रिल

कॉटनवुड. आईबरोबर गेलो. एफ्राला म्हटलं, चल, नुसतं बघून येऊ, तर म्हणाला, "तू जा. तुला नीट बघता येईल." हे असं कोणी बोलतं का? मीच सुटलो म्हणून त्याला आनंद झाल्यासारखं.

मैदान सामान्य. बसायला लोखंडी फळ्या. हॅगबर्ग स्वतः फावड्याने माती सारखी करत होते. आम्हाला बघून फावडं टाकलं आणि मैदान दाखवायचं सोडून सरळ गोठ्यात घेऊन गेले. तिथे एक गाय आहे, तिच्या कुशीला झाकण बसवलेलं आहे. झाकण उघडायचं आणि कोपरापर्यंत हात आत घालून पोटात काय चाललंय ते बघायचं. गाय आपली रवंथ करतेय! मी हात घातला. आत ऊन ऊन, ओलं गवत, आणि पोट हळूहळू ढवळतंय. मला काय झालं कळेना, मी मोठ्याने हसलो. आई बाहेर नाकाला रुमाल लावून उभी होती. नंतर म्हणाली, "सहा महिन्यांत तुला असं हसताना बघितलं नव्हतं." मी म्हटलं, वास चढला असेल डोक्यात.

हॅगबर्ग म्हणाले, प्रयोगशाळा दुपारी असते म्हणून सराव पहाटे सहाला. "थंडीत पोरं मला शिव्या घालतात. घालू देत."

मी म्हटलं, "तुम्हाला माझं नाव कुणी सांगितलं, सर?"

"एक फोन आला होता हिवाळ्यात. नाव सांगितलं नाही पोराने. म्हणाला, सगळे फेकणाऱ्या पिचरला बघायला येतात, तुम्ही कॅचरला बघा. म्हणून माझा माणूस घड्याळ घेऊन आला."

म्हणजे तो स्टॉपवॉचवाला माझ्यासाठी, माझी फेक मोजायला! पण फोन कोणाचा? बाबांचाच असणार. आवाज बारीक करून बोलायची त्यांना हौस आहेच.

निघताना हॅगबर्गनी हात मिळवला तो सोडेचनात. माझा डावा हातही मागितला आणि तळवा उलटा करून बघत राहिले. "रोज अठ्ठ्याऐंशीचा झेलतोस याने?" म्हणाले. मी हो म्हटलं. ते नुसतं "हं" म्हणाले. म्हातारा हात बघून भविष्य सांगतो की काय!

आता पंचाईत ही आहे की मला इथे यायचंय. लिहून टाकलं. आणि एफ्राला सिमरॉन हवंय, मी नाही गेलो तर शपथ मोडते, आणि त्याच्या आईला मी तोंड कसं दाखवू? आजपासून टेबलच काय, खुर्चीही हलतेय.

१९ एप्रिल

वाईट झालं.

आज एफ्राला सुट्टी होती म्हणून टेट विंकलने फेकले. टेट दहावीतला, हडकुळा, ऐंशीच्या पुढे कधी गेला नाही. तिसऱ्याच बॉलला माझा तळहात चरचरला. पाचव्याला डोळ्यांत पाणी आलं. ग्लोव्ह तोच. मी ग्लोव्ह काढून आतून चाचपला, काही हललंय का बघितलं. काही हललं नव्हतं. सराव संपला तेव्हा हात गेल्या वर्षीसारखा लाल.

मी बसून राहिलो. टेट विचारत होता, "चांगले पडले ना रे?" मी म्हटलं, फार चांगले.

उशी नव्हती ती. उशी एफ्रा होता. वेग मोजायच्या बंदुकीवर आकडा येतो पहिल्या चार बॉलांचा, तेवढे तो दात खाऊन टाकतो. नंतर हात वाचवत हळू टाकतो, कुणी मोजत नाही. नंतर फक्त मी असतो. वळणारा बॉल नको, चमचा उजव्या हातात, मलम, आईचे गुडघे, आणि माझा न सुजलेला तळवा बघून हॅगबर्गचं ते 'हं'! मी आठवडेच्या आठवडे त्याच्यासमोर बसलोय आणि ग्लोव्हचं कौतुक लिहितोय. वरची पानं वाचून मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटतेय.

२१ एप्रिल

आज बोलायचंच असं ठरवून गेलो. सरावानंतर पाण्याच्या नळावर आम्ही दोघंच होतो. तो डोकं नळाखाली धरून उभा. मी म्हटलं, "माझा नवा ग्लोव्ह जाड आहे, नाही?"

त्याने नळ बंद केला. पाणी ठिबकत होतं. माझ्याकडे बघत राहिला. "का?"

"काही नाही. हाताला काही लागत नाही."

"मग?" तो म्हणाला. आणि थांबला.

विचारलं आणि तो हो म्हणाला तर? मग मला माहीत आहे असं होईल. मग ड्रेसलरनी विचारलं तर खोटं बोलावं लागेल, नाहीतर त्याचं वाटोळं करावं लागेल. मी म्हटलं, "बर्गर खायला येतोस?"

त्याने पिशवी उचलली, उजव्या खांद्यावर. "नको. घरी जातो," म्हणाला.

२४ एप्रिल

आज दुपारी ड्रेसलरांचा फोन आला. शनिवारी मुख्य कोचना घेऊन येतायत. एफ्राने नव्वद गाठले की तिथल्या तिथे ठरवून टाकायचं, माझंही. "तू त्याला जोरात टाकायला लाव," म्हणाले. "आणि काय रे, हात कसा आहे?"

मी गाडीत बसलो होतो, बाबा काम करतात त्या धान्याच्या कोठारासमोर. बाबांची जेवणाची सुट्टी व्हायची होती. एफ्रा शनिवारी नव्वद टाकायला जाणार, हाताचं काय होईल याचा विचार न करता. मला वाटलं, यांच्याकडे डॉक्टर आहेत, यंत्रं आहेत, असे शंभर हात बघितलेत यांनी. हे त्याला सांभाळून घेतील. म्हणतील, आत्ता फेकू नको, आधी तपासू. माझ्या तोंडून निघून गेलं. सगळं. ग्लोव्ह, टेट, चमचा.

मग ड्रेसलर म्हणाले, "बरं केलंस सांगितलंस. शहाणा मुलगा आहेस. आता आमच्यावर सोड."

फोन ठेवल्यावर डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा पाय शांत आहेत. आईने जेवताना टेबलाखाली वाकून बघितलं, पाय आहेत ना म्हणून.

२७ एप्रिल

ते आले नाहीत.

सामन्याआधी एफ्रा सारखा फाटकाकडे बघत होता. "वाटेत असतील," म्हणाला. मला वाटलं त्यांनी त्याला फोन केला असेल, मग तो फेकणार नाही. मग वाटलं, येऊन सांगणार असतील. त्याने जोरात फेकायला सुरुवात केली तेव्हा मला कळलं की त्याला कुणी काही सांगितलेलं नाही. त्यांनी फक्त यायचं रद्द केलं होतं.

मी जाऊन म्हणायला हवं होतं, थांब, कोणी येत नाही. मी उठलो, त्याच्याकडे गेलो. त्याने ग्लोव्ह तोंडावर धरून विचारलं, "काय?" मी म्हटलं, "हळू टाक. समोरचे कच्चे आहेत, हळूवर भागेल."

"आज हळू? वेड लागलं का? ते कुठल्याही क्षणी येतील."

मी परत येऊन बसलो. एक बोट दाखवलं. पाचव्या डावापर्यंत तो त्या रिकाम्या फळ्यांसाठी फेकत होता आणि आज माझ्या हाताला लागत होतं, प्रत्येक बॉलला. मग एक बॉल माझ्या डोक्यावरून पार मागच्या जाळीत गेला. मी वळून तो आणायला धावलो. परत बघितलं तर एफ्रा गुडघ्यांवर होता, डावा हात पोटाशी. ओरडला नाही. त्याची आई कुंपणावरून चढून मैदानात आली, कामावरच्या बुटांसकट. तिने माझ्याकडे एकदाच बघितलं.

३ मे

विचिटाच्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. कोपरातलं लिगामेंट, म्हणजे हाडं बांधून ठेवणारी पट्टी, तुटलं; मनगटाजवळची तशीच एक पट्टी काढून तिथे बसवली. वर्षभर तरी फेकायचं नाही. नंतर बघू, असं डॉक्टर म्हणतात.

आज भेटून आलो. तो उलट माझीच समजूत घालत होता. "ड्रेसलर नक्की निघाले असतील रे. काहीतरी अडचण आली असेल. बघितलं असतं तर नव्वद दिसले असते त्यांना. टाकले की नाही मी नव्वद?"

"टाकलेस," मी म्हटलं. "हात अजून दुखतोय माझा."

तो खूश झाला. मी बाहेर येऊन गाडीत बसलो.

८ मे

ड्रेसलरांचा फोन. "तुझ्या मित्राचं कळलं, वाईट झालं. पण तू जो प्रामाणिकपणा दाखवलास तो आमच्या लक्षात आहे. असा कॅचर आम्हाला हवा. तुझी जागा पक्की." मग माझ्या नावाच्या जर्सीचं बोलायला लागले.

मी म्हटलं, "तुम्ही त्याला का नाही सांगितलं?"

"काय सांगायचं?"

"की येत नाही."

ते हसले, रागाने नाही. "बाळा, दर आठवड्याला वीस पोरांकडचं जाणं आम्ही रद्द करतो. वीस जणांना फोन करत बसलो तर झालंच."

म्हणजे त्यांच्या लेखी काही घडलंच नाही. मी नाही म्हटलं. तुमच्याकडे येणार नाही. फार धीराने बोललो असं नाही, आवाज फुटला मध्येच. मग आईजवळ जाऊन सगळं सांगितलं. तिने कॉफी खाली ठेवली. "चुकलास," म्हणाली, "पण वाईट मनाने नाही." याने मला बरं वाटायला हवं होतं.

९ मे

हॅगबर्गना फोन केला. त्यांनाही सगळं सांगितलं, म्हणजे नंतर कुठून कळायला नको. म्हटलं, आता नको असेन तर सांगा.

त्यांनी एवढंच विचारलं. "त्या पोराला माहीत आहे? कोणी सांगितलं ते?"

"नाही."

"हं," ते म्हणाले. मग म्हणाले की यंदा पाऊस बरा झाला, गवत चांगलं धरलंय, आणि सोळा तारखेला सही कर म्हणजे पंधरा ऑगस्टला पहाटे सहाला भेटू.

१६ मे

आज सही झाली. शाळेच्या जिममध्ये टेबल, त्यावर कापड, केक, आई-बाबा दोन बाजूंना, फुगे. आमच्याकडे हे असं लग्नासारखं करतात. टेबलाला तीन खुर्च्या असतात, आईने चौथी आणून ठेवली आणि एफ्रा येऊन तिच्यावर बसला. हात गळ्यात. डोक्यावर कॉटनवुडची टोपी, कुठून मिळवली कोण जाणे. बाबा म्हणतात, हॅगबर्गना हिवाळ्यात फोन त्यांनी केलाच नव्हता. मी सही केली तेव्हा तो उजव्या हाताने मांडीवर थाप मारून टाळ्या वाजवत होता, सगळ्यांत जोरात. फोटोत तो माझ्यापेक्षा जास्त हसतोय.

केक तसाच ठेवला. मी त्याला बाहेर गाड्यांकडे नेलं आणि सांगितलं. चोवीस तारखेचा फोन. मी काय बोललो ते. ते का आले नाहीत ते. वाटलं होतं मारेल, चालता हात आहेच एक. तो गाडीच्या बॉनेटला टेकून ऐकत राहिला. टोपी काढली नाही.

"तुला कधी कळलं?"

"टेटने फेकले त्या दिवशी."

"म्हणजे नळावर तुला माहीत होतं."

"हो."

"मला वाटलंच. मी नळ बंद करून उभा राहिलो होतो, कॉर्बिन. म्हटलं आता हा विचारणार. विचारलं असतंस तर तिथेच रडलो असतो आणि सगळं संपलं असतं. मला माझ्या तोंडाने म्हणता येत नव्हतं. घरात सगळ्यांनी नातेवाइकांना सांगून ठेवलंय, शाळेत बॅनर लावलाय. म्हटलं, याला कळतंच, हा झेलतो. दीड महिना मी तुझ्याच हातात टाकत होतो." त्याचा आवाज चढला नव्हता. "तू त्या माणसाला सांगितलंस त्याचा राग नाही. खोटं नव्हतंच काही. पण त्याने तुला विचारलं, तू त्याला सांगितलंस, मी तिथे कुठे होतो? वेग सगळ्यांनी विचारला. मला एकाने तरी विचारायचं."

माफी मागितली, ती अगदी बारीक निघाली. आतून आई हाक मारत होती, फोटो राहिलेत म्हणून. एफ्रा जायला वळला. मी त्याच्या शर्टाची बाही धरली, उजवी.

"दुखतंय का रे?" मी विचारलं.

तो थांबला. टोपी डोळ्यांवर ओढली.

"हो," म्हणाला. "फेब्रुवारीपासून."